पायात काय होतं?

मार्थाबायने मला नोकरीवर घेताना माझ्या सर्टिफिकिटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच तिने विचारलं, "तुझ्या आधी जो माणूस बाहेर गेला, त्याच्या पायात काय होतं?" मी गोंधळलो. त्या माणसाला जाड मिशी होती आणि कपाळावर गंध होतं, एवढं आठवून सांगितलं. "तोंडाचं न्हाय विचारलं," ती म्हणाली. "तोंड माणूस घरून पुसून आणतो. पायाकडं कोण बघतं? पाय खोटं बोलत न्हाय." मग तिनेच सांगितलं, की त्याच्या सँडलचा पट्टा तारेने बांधलेला होता, म्हणजे गरज त्याला जास्त होती, म्हणून मशीनवरची जागा त्याला दिली. मला डिस्पॅचची मिळाली. मी "थँक्यू मॅडम" म्हणालो तर म्हणाली, "मॅडम शेठाणीला म्हण. मी बाय."

हाटकेशच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा गाळा होता. प्रेशर कुकरची हँडलं बनवायचो. मालक म्हणजे मोठे शेठ आणि त्यांचे धाकटे भाऊ. धाकटे वारल्यावर सगळा कारभार मोठ्या शेठकडे आला. मार्थाबाय मॅनेजर. उत्तनची, मच्छीमाराच्या घरातली, नवरा जहाजावर खलाशी होता. तिचं टेबल दारासमोर होतं आणि दाराला लागूनच भिंतीत देव्हारा होता. आत येणारा प्रत्येक जण देव्हाऱ्याआधी चपला काढून ठेवायचा, अगदी लाईटबिल घेऊन येणारासुद्धा. बाय स्वतः गळ्यात क्रूस घालणारी, पण तिथे कुणी चपलेसकट पाय टाकला की सगळ्यात आधी तिचा आवाज चढायचा. "देव कुनाचा का असंना, उंबरा तर आपल्या भाकरीचा हाय ना?"

शेठच्या गाळ्यात मांसमच्छी चालायची नाही. हा नियमही तिने कधी मोडला नाही. दुपारी डबा घेऊन ती बाहेर टेम्पो लागायच्या ओट्यावर जाऊन बसायची, ऊन असलं तरी. मला सुक्या बोंबलाची चटणी आवडते हे कळल्यावर तिच्या डब्यातून ती चटणीही माझ्यासाठी यायला लागली. अट एवढीच, की आत जाताना चूळ भरायची. "खाल्लं मीठ हाय शेठचं," ती म्हणायची, "आनि मासली आपली. दोगांचा मान ठेवायचा." तेव्हा मला हे फार थोर वाटायचं. मिठाचा मान ठेवता ठेवता माणूस कुठवर जातो, ते पुढे कळायचं होतं.

शेजारच्या इस्टेटीत एकदा दोन माणसं कोयते घेऊन घुसली, एका गाळ्यातल्या कामगारांना मारलं आणि पळून गेली. शेठ घाबरले. त्यांनी वॉचमन नेमला आणि त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. बायच्या लेखी मिटला नाही. तिचा नवरा तिला सांगायचा, की चाचे येतात त्या समुद्रात गेलं की जहाजावर सराव होतो: भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं टाकून एका लोखंडी खोलीत शिरायचं आणि आतून कडी लावायची. आमच्याकडे लोखंडी दाराची एकच खोली होती, साच्यांची. साचे महागाचे, म्हणून दार तिजोरीसारखं जाड. बायने तिला आतून कडी बसवून घेतली. भोंग्याच्या जागी आली चहाची घंटा. एरवी ती दोन टोले द्यायची. न थांबता वाजत राहिली, तर साच्यांच्या खोलीत.

महिन्यातून एकदा ती घंटा बडवायची आणि दारात उभी राहून ओरडायची, "पूछने का नहीं, चलने का!" कामगार हसत हसत पळायचे. मी तर हटकून शेवटी, हातात चहाचा कप घेऊन. "संजू," ती एकदा म्हणाली, "शिकलेल्या मान्साला पलायची लाज वाटते. तू पयला मरशील." मी म्हणालो, "बाय, आमच्या गाळ्यात येणार कोण? कुकरची हँडलं चोरायला?" सगळे हसले, तीही हसली.

सराव संपला की तिची परीक्षा सुरू व्हायची. मधल्या वेळात कोण येऊन गेलं, पायात काय होतं, कुठल्या हातात काय होतं. जीव वाचला की काम संपलं असं ती मानत नसे. "पोलीस विचारनार, कोर्ट विचारनार. तवा आ वासून बसू नका. आनि एक ध्यानात ठेवा. जे बघितलं ते आपलं. शेठ पगार कापंल, बघितलेलं कसं कापंल?" हे ती शेठच्या देखतही म्हणायची आणि शेठ मान डोलवायचे.

तो दिवस आला तेव्हा वॉचमनने त्याला सलाम ठोकला. कारण आलेला माणूस होता निमेशभाई, शेठचा पुतण्या, वारलेल्या भावाचा मुलगा. धंद्यातल्या बापाच्या हिश्श्यावरून काका-पुतण्यात धुसफूस चालली होती, ती सगळ्या इस्टेटीला माहीत होती. पण घरचा माणूस तो घरचाच. मी उठून उभा राहिलो आणि हसून म्हणालो, "या निमेशभाई, चहा सांगू?"

आणि माझ्या मागे घंटा सुरू झाली. थांबेचना.

खरं सांगतो, मला बायची लाज वाटली. मालकाच्या पुतण्याला बघून घंटा वाजवते म्हणजे काय! पण तिने तोंड पाहिलंच नव्हतं. लहानपणापासून त्या देव्हाऱ्याला हात लावून आत येणारा मुलगा त्या दिवशी बुटांसकट आत आला होता आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या पिशवीत होता. कामगार विचारत बसले नाहीत, पळाले. केबिनच्या मागच्या दाराने शेठही पळाले. मी तेवढा केबिनच्या तोंडाशी उभा राहिलो, अंगात मुरलेल्या सभ्यतेपायी. पिशवीतून कोयता निघाला. तो मला मारायला आला नव्हता, मी फक्त वाटेत होतो. मी डावा हात वर केला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाय खोलीच्या दारात पोचली होती. ती परत फिरली. तिने माझी कॉलर धरली आणि जाळं ओढावं तसं मला फरशीवरून ओढत नेलं. दार ओढून घेताना ते तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर बसलं. ती ओरडली नाही. तिने कडी घातली. बाहेरून दारावर घाव पडत होते, शेठ साच्यांच्या मांडणीला चिकटून रामनाम घेत होते, आणि बाय माझ्या हाताला पदर गुंडाळत होती. माझे डोळे मिटायला लागले तशी तिने मला एक थोबाडीत दिली.

"संजू, झोपायचं न्हाय. पायात काय होतं? सांग."

"काळे बूट."

"अजून?"

"डाव्या बुटाची नाडी सुटलेली."

"शाब्बास. इसरू नको. कोर्टात लागंल."

त्या अंधाऱ्या खोलीत मला आईची आठवण आली नाही की बायकोची आली नाही. ही बाई आहे तोवर मी मरत नाही, एवढंच वाटलं. आजही वाटतं, मी जगलो तो तिच्यामुळे. म्हणून तर पुढचं पचत नाही.

निमेशभाईला पकडलं. आम्ही सगळ्यांनी जबाब दिले. बायचा जबाब ऐकून इन्स्पेक्टर म्हणाले, अशी साक्षीदार आयुष्यात बघितली नाही. माझ्या हाताची ऑपरेशनं झाली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं सरळ राहिलं. उजव्या बाहीचं बटण अजून बायको लावून देते. बायच्या अंगठ्याचं नख आधी काळं झालं, मग गळून पडलं आणि नवं आलं ते वाकडंतिकडं. ओट्यावर जेवायला बसलो की ती पाय पुढे करून म्हणायची, "बघ, तुझं बिल. अजून फिटलं न्हाय." आम्ही दोघंही हसायचो.

मग एका दिवाळीत पूजेला निमेशभाई आला. जामिनावर सुटून बरेच दिवस झाले होते. या वेळी त्याने बूट काढले, देव्हाऱ्याला हात लावला, काकांच्या पाया पडला. शेठने त्याला मिठी मारली. वाटणी ठरली होती, घर एक झालं होतं. सगळे उभे राहिले, आणि मिठाईचं ताट पुढे केलं मार्थाबायने. मी कोपऱ्यात उभा होतो. मग शेठ माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "संजय, घर की बात थी. लडका है, गुस्से में हो गया. कोर्टात सांग, लाईट गेली होती, चेहरा दिसला नाही."

मी म्हणालो, "शेठ, चेहरा सोडा, मला नाडीसुद्धा दिसली होती." त्या महिन्यात मी नोकरी सोडली.

एकेक करून कामगारांना काही आठवेनासं झालं. त्यांचा मला राग नाही. परमुलखातली माणसं, मालक फिरला तर छप्पर फिरतं. मला फिकीर नव्हती, कारण बाय होती. तारखेच्या आदल्या दिवशी मी तिला फोन केला. "बाय, उद्या." ती म्हणाली, "हो रे, ठाव हाय." मी म्हणालो, "जे बघितलं ते आपलं." ती म्हणाली, "जेवलास का?"

माझी साक्ष आधीच झाली होती. ठाण्याच्या कोर्टात तिचं नाव पुकारलं. साक्षीच्या पिंजऱ्यापाशी येऊन तिने चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. देव्हाऱ्यासमोर काढायची तशाच, जोडीने, टाचा भिंतीकडे करून. अनवाणी उभी राहून तिने शपथ घेतली आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. म्हटलं, सुटलो. ही जागा तिने देवाची मानली, आता ही खोटं बोलणार नाही.

"घंटा कुनी वाजवली मला म्हायती न्हाय," मार्थाबाय म्हणाली. "मी आदीपासून साच्यांच्या खोलीत होते. भायेर आलेच न्हाय. मी कुनाला बघितलं न्हाय."

सरकारी वकिलांनी पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवला. "असं मी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. वकिलांनी तिला फितूर जाहीर केलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि मग तिनेच लावलेल्या सवयीने नजर खाली गेली. कोर्टाच्या फरशीवर ते वाकडं नख सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. आधीपासून आत बसलेल्या माणसाचा पाय त्या दारात सापडत नाही. मी पुढे वाकून सरकारी वकिलांना म्हणालो, "साहेब, तिचा अंगठा बघा. मला आत ओढताना दार लागलंय." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत पुटपुटले, "अहो, आता नखाचं काय घेऊन बसलात? खाली बसा."

माझ्या एकट्याच्या शब्दावर भागलं नाही, निमेशभाई सुटला. निकालाच्या दिवशी मी गेलोही नाही. मला राग त्याचा येतच नाही. तो निदान कोयता दाखवून आला होता.

त्या साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर ती माझ्यासाठी थांबली होती. "हात कसा हाय?" तिने विचारलं. मी हात पुढे केला नाही. म्हणालो, "बाय, का?"

"जोएलला शेठनं वसईच्या गाल्यावर मॅनेजर केलाय," ती म्हणाली. जोएल तिचा मुलगा. जहाजावरची नोकरी सुटून घरी बसला होता. "त्याला दोन लेकरं हायत रे."

"मलाही एक आहे, बाय."

मला वाटलं, आता ती रडेल, माफी मागेल, निदान नजर तरी चुकवेल. पण तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, जे घरून पुसून आणलेलं असतं तिकडे. आणि म्हणाली, "बारीक झालास. जेवत जा." मग कठडा धरून ती हळूहळू पायऱ्या उतरून गेली. नंतर आमची भेट नाही. ती आता कामावर जात नाही आणि उत्तनला असते, एवढं ऐकून आहे. बोंबलाची चटणी माझ्या घरात येत नाही.

त्या दिवशी कोर्टाने तिला सगळं विचारलं. वय विचारलं, धंदा विचारला, त्या वेळी कुठे होतात, काय ऐकलंत, लाईट होती का, हेही विचारलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली आणि कारकुनाने ती लिहून घेतली. पायात काय होतं, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं: काही नव्हतं. अनवाणी होती. आणि उजवा अंगठा खरं बोलत होता.