शाही पाणी

बुऱ्हाणपुरात जन्मून मला बावन्न वर्षं झाली, पण मी बुऱ्हाणपूर पाहिलेलं नाही. घरामागे असलेली गोष्ट कधीही बघता येते, म्हणून ती कधीच बघायची नसते, हा आमच्या बुधवारा मोहल्ल्याचा नियम आहे.

हे गुपित फुटलं ते मुलीच्या, मृणालच्या लग्नामुळे. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते. मुलाचे आईवडील पुण्याहून फक्त 'घरचं वातावरण' बघायला आले होते. (वातावरण म्हणजे मी.) "बाबांना फार बोलू देऊ नकोस," बायकोने मृणालला बजावलं. मी तिथेच बसलो होतो.

मुलाचे वडील चहा घेता घेता म्हणाले, "एवढं ऐतिहासिक शहर. गाईड मिळेल का?"

"गाईड कशाला? मी आहे ना," मी म्हणालो. बायकोने डोळे मिटून घेतले.

जामा मशिदीत मुलाच्या आईने विचारलं, "इथे संस्कृत शिलालेख आहे ना?" मी ऐटीत हात वर केला, पण तो कुठे न्यायचा ते ठाऊक नसल्यामुळे कबुतरं दाखवली. शेवटी नमाजाआधीचं वजू करून उठलेल्या एका आजोबांनी आम्हाला नेऊन शिलालेख दाखवला. "हाच तो," मी म्हणालो.

शाही किल्ल्यात एका दालनात मी दरबार भरवला. सरदार कुठे बसत, तेही सांगितलं. बाहेर पडताना वडिलांनी पाटी वाचली: हमाम.

"अंघोळ करता करता राज्य चालवायचे?"

"वेळ कुठे असायचा त्यांना!"

इथे थांबलो असतो तर अब्रू निम्मी तरी वाचली असती. पण मी कुंडी भंडारा काढला. जमिनीखालून शहरात पाणी आणणारी ती मुघलांची कुंड्यांची रांग बघायला अख्खं जग येतं. मी तेवढा राहिलो होतो. गाडी केळीच्या बागांमध्ये तीनदा वळली.

"बाबा, किसी से पूछ लेते हैं ना," मृणाल हळूच म्हणाली.

"स्वतःच्या गावात रस्ता विचारायचा?"

तेवढ्यात एका बागेच्या कडेला दगडी बांधणीची गोल कुंडी दिसली, काठोकाठ भरलेली. मी ओंजळभर प्यालो, सगळ्यांना पाजलं. "बादशहा हेच पाणी प्यायचे," मी सांगितलं. "गोड आहे हो," मुलाची आई म्हणाली आणि तिने पुण्याच्या सासूबाईंसाठी बाटली भरून घेतली.

मग एक म्हैस आली. तिने मला बाजूला सारलं आणि कुंडीत तोंड घातलं. तिच्यामागून शेतकरी आला.

"काका, हा त म्हशीचा हौद हाये. कुंडी भंडारा मांगे राह्यला, बोर्ड लावेल हाये ना तिथं."

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या क्षणी मला माझी खरोखर लाज वाटली. मी पहिल्यांदाच खरं बोललो. "मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. पण त्यात पोरीचा काही दोष नाही."

मुलाच्या आईने बाटली शांतपणे हौदात रिकामी केली. मग मृणालचा हात धरून ती नवऱ्याला म्हणाली, "या बापाला जिने इतकी वर्षं सांभाळलं, तिला आपला मुलगा काय जड जाणार? ठरलं म्हणा."

लग्न झालं. माझ्या अज्ञानाचा घराला झालेला हा एकमेव फायदा, असं बायको म्हणते. कुंडी भंडारा अजून बघायचा राहिलाय. जवळच तर आहे.