इंग्लंडच्या बाईंना दाखवलेली बारव

मी जालन्यात घरी बसून एका एजन्सीसाठी इंग्रजी मजकूर नीट करून देते. गेल्या वर्षी माझ्याकडे इंग्लंडमधल्या एका लहानशा गावाची माहितीपुस्तिका आली. गावाचा इतिहास आणि पाहण्यासारख्या जागा, एवढाच विषय. बुटक्या मनोऱ्याचं चर्च, दगडी पूल, घोड्यांना पाणी पाजायचा हौद, जुनी शाळा, आणि लाल टेलिफोन बूथ, ज्यात आता लोक वाचून झालेली पुस्तकं ठेवतात. मजकूर इतक्या वेळा वाचला की त्या गावात मी वाट चुकले नसते.

तो लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांच्याशी कॅमेरा बंद ठेवूनच बोलायचे. त्यांनी मात्र एकदा फोन हातात धरून मला सगळं गाव फिरवलं. चर्चमध्ये शिरल्यावर त्या थेट शेवटच्या बाकाकडे गेल्या. अरुंद बाक, पाठीला नुसती एक फळी. हा गरिबांसाठी होता, त्या म्हणाल्या. पुढचे बाक जमीनदारांचे. त्यांची आजी मोलकरीण होती, ती इथे बसायची. पुलाचं वय सांगावं तशा सुरात त्यांनी हे सांगितलं. पुस्तिकेतही ते तसंच होतं. मग म्हणाल्या, आता तुझं गाव मला दाखव.

जालना दाखवायचं म्हणजे आमच्या कॉलनीतली पाण्याची टाकी दाखवायची. म्हणून मी आजोळी गेल्यावर फोन करते म्हणाले. आजोळ तीर्थपुरीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरून आत. आईने ही गोष्ट मामांना आधीच कळवली. मी पोचले तेव्हा मामा दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. मी मनात ठरवलं होतं की ऊस, कापूस, शाळा, पिंपळ एवढं दाखवायचं आणि संपवायचं. मामांनी ते एका वाक्यात मोडीत काढलं. ऊस काय, टीव्हीत बी दिसतो म्हणाले. आधी बारव, शेवटी आपला विहार.

बारव गावाच्या मधोमध आहे. चौकोनी, दगडी, तळापर्यंत पायऱ्यांची. आता तिचं पाणी कोणी पीत नाही, कोनाड्यांत पारवे राहतात. आमची बौद्धांची वस्ती तिथून लांब, ओढ्याच्या पलीकडे. फोन लागला, बाईंचा चेहरा दिसला. मामांनी हात जोडून जय भीम केला. बाईंनीही हात जोडले. मामा खूश झाले, आणि पहिल्या पायरीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"आमच्या मायला ह्या पायऱ्या उतरू देत न्हवते," ते म्हणाले. "इथं वर उभं राह्यचं, घागर खाली ठेवून. कोणी ओतलं तर पाणी, न्हाई तर रिकामी घागर घेऊन घरी. सांग तिला."

मी इंग्रजीत सांगितलं की ही फार जुनी दगडी विहीर आहे, तळापर्यंत पायऱ्या आहेत, आणि मामांच्या आई इथूनच पाणी न्यायच्या.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ठरवूनही काही केलं नव्हतं. शाळेत आडनावावरून बोलणं पुढे सरकायला लागलं की मी गृहपाठाचं विचारायचे, डब्याचं विचारायचे. ती सवय माझ्या इंग्रजीत मुरली आहे. तिकडे बाईंचा चेहरा उजळला. "लव्हली," त्या म्हणाल्या, आणि मामांकडे बघून छान हसल्या.

मामा हसले नाहीत.

"सांगितलं का?"

"हो."

"मंग ती हसली कशाला?"

मी म्हणाले, नेटवर्क नाही, नीट ऐकू गेलं नसेल. मामा म्हणाले, मंग परत सांग, आमी थांबतो. मी फोन पुन्हा तोंडासमोर धरला. त्या बाईंनी आपल्या आजीचा बाक दाखवताना आवाजसुद्धा खाली आणला नव्हता, हे मला त्या क्षणी आठवत होतं. तरी मी कॅमेरा पारव्यांकडे वळवला. त्यांनी पारव्यांबद्दल विचारलं. मी बोलत राहिले, कोनाडे, अंडी, दुपारचं ऊन, जे सुचेल ते. मामा हात मागे बांधून बाजूला उभे होते. विहाराकडे जाऊ या असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

बारवेसमोर किराणा दुकान आहे. दुकानदार मामांच्याच वयाचे, पूर्वी पाटीलकी असलेल्या घरातले. त्यांनी विचारलं, काय शूटिंग चाललंय. मामांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"भाचीची इंग्लंडची बाई होती. तुमच्या आज्याची कीर्ती आज लंडनला पोचली, पाटील. समदं सांगितलं तिला. मायची घागर बी."

दुकानदार गालातल्या गालात हसले, तराजूचं पारडं उगीच सरळ केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खरं का, बाई? मंग काय म्हणली ती?"

मामा माझ्याकडे पाहत होते. बाई हसल्या होत्या ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि तरी ते उत्तराची वाट पाहत होते.

"तिला फार वाईट वाटलं म्हणाली," मी म्हणाले.

दुकानदारांनी मान हलवली. मामांनी रुमालाची घडी केली, ती खिशात ठेवली, आणि माझ्यासाठी न थांबता ओढ्याच्या दिशेने चालू लागले.