कणसं माळलेली डॉलरदेवी

मुलुंडच्या आमच्या घरात जुने अमेरिकन चांदीचे डॉलर जमवणारा मी एकटाच. बाकीचे मला सांभाळून घेतात. या छंदाचा पहिला नियम असा, की शंभर-सव्वाशे वर्षांचा काळपटपणा हीच नाण्याची शोभा. ते धुवायचं नाही, पुसायचं नाही. मी हे सांगायला लागलो की बायको कुकर लावायला निघून जाते.

गेल्या दिवाळीत माझ्या अल्बममधला एकच खळगा रिकामा उरला होता. तिथला डॉलर घाटकोपरच्या एका गुजराती काकांकडे होता आणि माझ्याकडचा एक जास्तीचा डॉलर त्यांना हवा होता. पाडव्याला ते घरी येणार, अदलाबदल होणार. मी आठवडाभर जमिनीला पाय न लावता हिंडत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळलं, की पूजेचं चांदीचं नाणं लॉकरात राहिलंय आणि बँक बंद.

"तुझ्याकडे एवढी चांदी पडलीय ना, दे की एक," बायको म्हणाली.

अल्बममधलं काढवेना, म्हणून काकांसाठी ठेवलेला डॉलर दिला. प्लास्टिकच्या डबीसकट. "डबीतूनच पूजा करा," असं बजावून मी गॅलरीत कंदील लावायला गेलो.

परत आलो तर डॉलर ताम्हनात, पंचामृतात गळ्यापर्यंत बुडालेला.

"आई, अगं डबी?"

"देवीक डबीत कोंडून पूजतत काय रे?" आई शांतपणे दह्याचा चमचा सोडत म्हणाली. मग तिने नाणं पदराने खसाखसा पुसलं आणि डोळ्यांजवळ नेलं. "बघ गो सूनबाई, केसांत धान्याची कणसं माळलीत. धान्यलक्ष्मीच ही."

"आई, ती अमेरिकेची स्वातंत्र्याची बाई आहे."

"मागे काय आहे?"

"गरुड."

"मग झालं तर. विष्णूचंच घर."

बायको हसता हसता जमिनीवर बसली. आई म्हणते ते सगळंच नाण्यावर होतं.

पाडव्याला काका आले. आईने आधी त्यांना मोरीवर पिटाळून हातपाय धुवायला लावले, मग देव्हाऱ्यासमोर बसवलं. लखलखीत डॉलर बघून त्यांचा चेहरा पडला. खिशातून भिंग काढून ते वाकले.

"बाईच्या कानात मध हाय," ते हळूच मला म्हणाले.

"धुतलाय. पदराने पुसलाय," मी म्हणालो. "राहू दे आता अदलाबदल."

पण काका खरे शौकीन. चमकदार डॉलर कसा दिसतो ते ताडून बघायला त्यांनी स्वतःचा काळपट डॉलर काढून त्याच्या शेजारी ठेवला. अगदी क्षणभर. आई तेवढ्यात हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली.

"बहीण पण आली का हिची?" म्हणाली, आणि माझ्या अल्बमातल्या त्या शेवटच्या खळग्यात बसणाऱ्या डॉलरच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं.

आईने दोघींवर अक्षता टाकल्या. "आता यांना वेगळं करू नका रे."

काकांनी एक चकली संपवली, दुसरी घेतली. "चालेल, आई. पण मी दर शुक्रवारी दर्शनाला येणार."

"ये की. तुझीच देवी ती."

तर काकांचा डॉलर आता माझ्या घरात आहे, अल्बमपासून हाताच्या अंतरावर, आणि आंघोळ केल्याशिवाय मला त्याला हात लावता येत नाही. म्हणून मी रविवारीसुद्धा पहाटे उठून न्हातो आणि ओलेत्याने भिंग घेऊन गरुडाच्या शेपटीखालचं टांकसाळीचं बारीकसं अक्षर बघत बसतो. आई बिल्डिंगभर सांगत सुटलीय, की मुलगा उशिरा का होईना, देवाला लागला.