हबीब मिस्त्री आणि रानातला उंदीर

शिरूर कासारच्या स्टँडमागे माझं शिलाईचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून हबीब मिस्त्रीचं गॅरेज. बावीस वर्षं मी हा माणूस ऐकतोय. दिवाळीनंतर इकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, मोटारसायकली कडब्याखाली झाकून. पाडव्याच्या सुमाराला परततात तेव्हा गाड्या सुरू होत नाहीत, आणि हबीबभाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. त्या दिवसांत मला एक टीप सरळ मारता येत नाही.

विषय एकच, रानातला उंदीर.

"बोटाएवढा जीव, पांढऱ्या पोटाचा," हबीबभाई पाना आपटत सांगतात. "ज्वारी निघाली की रानात दाणा न्हाई, मग येतो वस्तीवर. घर रिकामं, गाडीवर कडबा. अजून काय पायजे त्याला? दात सारखे वाढतेत, कुरतडलं न्हाई तर मरंल. सीटचा फोम बिछान्याला, वायर दाताला, एअर फिल्टरात ज्वारीचं कोठार. तीन आठवड्यांत बाळंतीण! आन् ह्यांना सांगतो कडबा टाकू नका, तर म्हणतेत, उन्हानं रंग उडतो!"

गेल्या दिवाळीला त्यांनीच एक उपाय काढला. फिल्टरच्या तोंडात चिंध्या कोंबायच्या. चिंध्या कुणाच्या? माझ्या! मला न विचारता तीन पोती वाटून टाकली. उंदरांनी त्या आत ओढून मऊ गाद्या केल्या. तेव्हापासून हा माणूस स्वतःवरही चिडलेला असतो, आणि ऐकायला मीच.

अशात एका सकाळी सात वाजता सटवा गाडी ढकलत आला. मागून लेक बबिता धक्का देत होती. उसाचा फड उशिरा संपल्यानं हे लोक आदल्याच रात्री परतले होते. बबिताची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती, बीडला. साडेनऊला गेट बंद. सकाळची एसटी गेलेली, आणि हबीबभाईंची स्कूटर इंजिन खोलून पडलेली. पोरगी नर्स झाली तर हातातला कोयता सुटेल, एवढी एकच आशा त्या घराला होती. हे सगळं सटवानं धापा टाकत सांगितलं.

"कडबा टाकलता ना?" हबीबभाई गरजले.

"टाकलता, मिस्त्री."

"गाडी कुठल्या अंगानं भिंतीला होती बे?"

"डाव्या."

"मग डावीकडंच खाल्लं आसंल. मोकळ्यात बसून खायाची छाती न्हाई त्याची, भिंतीच्या कडेनं चालतो."

डावं कव्हर काढलं तर वायर तिथंच तुटलेली. फिल्टरमधून मूठभर ज्वारी निघाली, आणि माझ्या दुकानातल्या जांभळ्या ब्लाउजचे तुकडे. हबीबभाईंनी वायर जोडली, फिल्टर झटकला. सव्वासातला गाडी सुरू झाली. बावीस वर्षांच्या त्रासातून त्या माणसाला उंदराची चाल पाठ झाली होती, हे मला तेव्हा कळलं.

पण आभार घेतील तर ते हबीबभाई कसले. ते बबितावरच ओरडले, "पास हो! न्हाईतर दिवाळीला हे परत गाडी झाकून जातेल आन् मला परत उंदरंच बघावी लागतेल. इथं रिकाम्या घरात उंदरानं संसार मांडलाय, आन् तुमी तिकडं!"

बबिता मागं बसली, पिशवी मांडीवर घेतली. "तिकडं फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हायचो, तिथंबी उंदरं लई होती, चाचा," ती म्हणाली. "म्या रोज पुस्तकं उशाखाली घेऊन निजायचे. एक पान कुरतडू दिलं न्हाई."

गाडी निघून गेली. हबीबभाई हातात पाना घेऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवशीही एक टीप सरळ मारता आली नाही.