सासूबाईंच्या मागे विहिरीत

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि हिंदीत म्हणाल्या, "मॅडम, वज़न उतारना पड़ेगा. लेकिन घुटने पे ज़ोर नहीं देना." वजन उतरवायचं आणि गुडघ्यावर भार द्यायचा नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला कळेना. चव्वेचाळिसावं वर्ष चालू होतं आणि काटा शहाऐंशीवर होता. वर्गात फळ्याच्या खालच्या भागावर लिहायचं असलं की मी मुलांनाच पुढे बोलवायची, कारण वाकलं की उठता येत नव्हतं.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. मी गावाजवळच्या मराठी शाळेत शिकवते, आमचे हे मंडल कार्यालयात कारकून आहेत, मुलगी निर्मल शहरात वसतिगृहात राहून शिकते. घरी आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई.

तोवर मी तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. शाळेच्या मैदानाला पहाटे फेऱ्या मारायला लागले, तर अकराव्या दिवशी गुडघा नारळाएवढा सुजला. मग मुलीने मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवले. स्वयंपाकघरातल्या फरशीवर मी त्यातल्या बाईसारखे हात-पाय झाडायची आणि सासूबाई दारातून पाहत राहायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "काही चावलं काय तुले?" त्यानंतर मला त्यांच्यासमोर ते करवेना. शेवटी आदिलाबादला जिममध्ये नाव घातलं. तिथला शिकवणारा मुलगा फार अदबीने वागायचा, पण जाता-येता दोन तास बसमध्ये जायचे. चार वेळा गेले आणि सोडलं. दर वेळी सोडताना शरीरापेक्षा मनच जड व्हायचं. आपल्यात काहीतरी कमी आहे, आपल्याला एकही गोष्ट धरून ठेवता येत नाही, असं वाटायचं.

त्या संध्याकाळी जेवताना मी ह्यांना सांगितलं, "डॉक्टर म्हणाल्या, पोहता येत असतं तर सगळ्यात चांगलं. पण शहरातल्या तलावात बायकांची वेळ दुपारची आहे, शाळेची."

सासूबाई भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "पोवाचंच हाये ना? मंग आपली विहीर काय नुसती मोटारीसाठी हाये?"

"आई, मला पोहता कुठे येतं?"

"मले येते."

ह्यांचा घास हातातच राहिला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी आपल्या आईला घोट्यापेक्षा खोल पाण्यात उभी असलेली पाहिली नव्हती. मला तर लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. मला त्या माहीत होत्या त्या चुलीजवळच्या, वावरातल्या, पोत्यावर बसून कापूस निवडणाऱ्या. अडुसष्ट वर्षांच्या, माझ्या निम्म्याने भरतील अशा.

रविवारी उजाडायच्या सुमाराला आम्ही तिघं वावरात गेलो. मार्च अर्धा सरला होता. सासूबाईंनी जाताना बांधावरच्या बाभळीला बरोबर आणलेलं लाल लुगडं अडकवलं. बाया पाण्यात आहेत, पुरुषांनी इकडे येऊ नये, अशी ती खूण. आमची विहीर रुंद आहे, एका अंगाला दगडी पायऱ्या उतरत जातात. पाणी तेव्हा पंधराव्या पायरीला होतं. काळपट हिरवं, अगदी स्तब्ध. खाली पाहून मी काठापासून दोन पावलं मागे सरले.

"किती खोल असेल, आई?"

"दोन पुरुस असन आता." म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर बुडतील इतकं.

त्यांनी कासोटा घट्ट केला, बांगड्या कोपराकडे सारल्या. पायऱ्या उतरतील असं मला वाटलं होतं. त्या उतरल्या नाहीत. काठावरच्या दगडावर उभ्या राहिल्या आणि दोन्ही पाय जोडून सरळ खाली गेल्या. पाणी एकदाच वाजलं आणि मिटलं. मी एक, दोन, तीन असं मोजत राहिले. हे धावत काठाशी आले. वर बुडबुडेसुद्धा येत नव्हते. मग पलीकडच्या भिंतीजवळ, आम्ही पाहत होतो त्याच्या विरुद्ध दिशेला, त्यांचं पांढरं डोकं वर आलं. त्यांनी एका हाताने तोंडावरचं पाणी निपटलं आणि उताण्या झाल्या. अंगणातल्या खाटेवर पडावं तशा त्या पाण्यावर पडून राहिल्या.

मी आयुष्यात डोंगर पाहिले, कुंटाळ्याचा धबधबा भर पावसात पाहिला, पण त्या क्षणासारखी थक्क कधी झाले नव्हते. रोज माझ्या हातात चहाचा कप देणारी बाई ही होती.

हे खाली पायरीवर बसले. "आई, तुले पोवता येते हे तू कधी सांगतलं नाई."

"तू कधी इचारलं?" त्या उताण्याच बोलल्या. मग म्हणाल्या, "आमच्या माहेरी गावच्या विहिरीले आमाले हात लावू देत नोहते. पन नदी होती ना. नदीले कोन अडवते? माय पल्याडच्या थडीले कापूस येचाले जाये. मी बारा वर्साची असन. वाळला भोपळा पोटाखाली बांधाचा अन् तिच्या मागं मागं जाचं. दिवस बुडता पुन्हा तसंच अल्याड याचं."

"पैनगंगेतून?" मी विचारलं.

"मंग काय. होडीत आमाले बसवत नोहते."

एवढंच त्या बोलल्या. हे मोटारीची वायर तपासायची आहे असं सांगून वर गेले. पुढे महिनाभर ते आईशी जरा वेगळ्याच आवाजात बोलत.

दुसऱ्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. ओंटीपूट बडी लागली होती, म्हणजे उन्हाळ्यातली अर्ध्या दिवसाची शाळा, त्यामुळे सकाळी लवकर आटपावं लागायचं. पाच वाजता सासूबाई माझा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभ्या. व्हिडिओतली बाई बंद करता येत होती, आईंना बंद करता येत नव्हतं.

पहिले तीन दिवस मी फक्त पाण्यातल्या पायरीवर बसले. चौथ्या दिवशी कमरेपर्यंत. त्यांनी तेलाचे दोन पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन झाकणं घट्ट लावून ओढणीने माझ्या पाठीला बांधले आणि म्हणाल्या, "आता पायरी सोड." मी सोडली नाही. एक पाणदिवड साप भिंतीच्या फटीतून निघून आमच्यासमोरून सळसळत गेला. मी किंचाळायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, "तो त्याच्या कामानं चालला. तू तुझं पाह्य."

आठव्या की नवव्या दिवशी पायरी सुटली. मी इतके हातपाय आपटले की दोघींच्या नाकातोंडात पाणी गेलं. त्यांनी माझ्या मानेखाली हात घातला, तो हाडांचा सुका हात, आणि मला उताणी केलं.

"पानी तुले बुडवून नाई राह्यलं. तूच त्याच्याशी भांडून राह्यली. अंग सोड."

अंग सोडणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. कित्येक वर्षं मी पोट आत ओढून, खांदे आवळून, कोणाच्या नजरेत भरू नये अशी वावरत आले होते. त्या दिवशी थकून गेले म्हणूनच सोडलं. कान पाण्यात गेले आणि जगातले सगळे आवाज बंद झाले. वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ होतं, त्यातून एक पारवा आडवा गेला. मला वाटलं, आईंनी धरलंय. मान वळवून पाहिलं तर त्या दोन हात लांब, पाण्यात उभ्याने हात हलवत होत्या. कॅनही सुटून पायरीकडे गेले होते.

"तुझ्यासारखं अंग झकास तरंगते," त्या म्हणाल्या. "मले पाहा, थांबली का बुडली. सारखे हात हालवा लागते."

ज्या अंगाची मला साडीच्या दुकानात, बसच्या सीटवर, लग्नाच्या फोटोत लाज वाटत आली होती, ते शहाऐंशी किलोंचं अंग पाण्याने असं उचलून धरलं होतं की जणू त्याला वजनच नाही. गुडघा दुखत नव्हता. कुठेच काही दुखत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड आधीच ओलं असल्याने ते आईंना दिसलं नसावं.

त्यानंतर मला कोणी उठवायची गरज पडली नाही. साडेचारलाच जाग यायची. मी पुष्कळदा विचार करते की हेच का टिकलं, बाकीचं का नाही. एक म्हणजे सोबत होती. दुसरं असं की बाकी सगळीकडे मी माझ्या शरीराला शिक्षा द्यायला जात होते. विहिरीवर मी त्याला भेटायला जात होते.

पण वजन उतरत नव्हतं. दोन महिन्यांनी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने काट्यावर उभं केलं, तर जेमतेम किलोभर कमी. पोहून आलं की भूक अशी लागायची की मी तीन भाकरी खायची आणि वर दोन कप गोड चहा. घरी येऊन मी हिरमुसून बसले. सासूबाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं.

"तू पान्यात जाते ते वजनासाठी?" त्यांनी मनापासून आश्चर्याने विचारलं.

"मग कशासाठी?"

"मले वाटलं तुले आवडते."

ते खरं होतं, हे मला त्यांनी म्हटल्यावर कळलं. तरी त्यांनी दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात दीड भाकरी आणि वाटीभर जास्तीची भाजी वाढायला सुरुवात केली, चहातली साखर गुपचूप कमी केली आणि संध्याकाळच्या भज्यांच्या वेळी मला पाठीमागच्या वाफ्यात पाणी घालायला पाठवू लागल्या. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.

पावसाळ्यात विहीर गढूळ झाली, पायऱ्यांवर शेवाळ चढलं. सासूबाईंनी साफ सांगितलं, "आता उतरू नको. खालचं दिसत नाई." तीन आठवडे मी घरात. मला मनातून भीती वाटत होती की हेही सुटणार. पहाटे जाग यायची आणि मी पडवीत बसून पाऊस ऐकायची. एक दिवस त्या वावरातून भिजून आल्या, पदराने डोकं पुसत म्हणाल्या, "पानी निवळलं. पन लय चढलं हाये. तिसरी पायरी."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. ती आमची विहीर वाटतच नव्हती. हाताच्या अंतरावर पाणी, आणि ते इतकं स्वच्छ की बुडालेल्या पायऱ्या एकेक करून निळ्या अंधारात उतरत जाताना दिसत होत्या. आता चार-पाच पुरुस तरी असेल. त्या पलीकडच्या भिंतीशी जाऊन थांबल्या आणि माझी वाट पाहू लागल्या. कॅन घरी राहिले होते, की त्यांनीच ठेवले होते, ते मी विचारलं नाही.

मी निघाले. मध्यावर आल्यावर खाली पाहिलं. माझ्याखाली एवढी खोली होती आणि मी तिच्यावरून जात होते, माझी मी. भीती होती, पण तिच्याहून मोठं काहीतरी होतं ज्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. भिंतीच्या दगडाला हात लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता परत जा. मी इथून पाह्यते."

वर्षभरात वजन चौऱ्याहत्तरवर आलं. त्याहून खाली ते फारसं जात नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात चालेल. फळ्याच्या खालच्या ओळी मी स्वतः लिहिते. गावातल्या आणखी दोघीजणी येऊ लागल्या आहेत. त्यांना सासूबाई काठावर बसून शिकवतात, कारण मागच्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला.

पण उन्हाळा लागला तेव्हा त्या पुन्हा उतरल्या. पाणी खाली गेलं होतं. मी बुडी मारायला शिकत होते. त्या म्हणाल्या, "चाल, तुले एक दाखवते," आणि माझं मनगट धरून खाली गेल्या. पाण्यात मला त्यांच्या सुटलेल्या पांढऱ्या विरळ केसांचं वलय तेवढं दिसत होतं. उत्तरेच्या भिंतीत, जिथे मुरूम संपून काळा खडक लागतो, तिथल्या एका फटीवर त्यांनी माझा तळवा टेकवला. आतून थंडगार पाणी येत होतं. हळू, पण न थांबता, कोणी हात दाबावा तसं ते माझ्या तळव्याला ढकलत होतं.

वर आल्यावर दोघीही धापा टाकत होतो. पायरी धरून त्या बोलल्या.

"हे विहीर खनली तवा मी खाली टोपली भरत होती. तुझा नवरा तान्हा, पाटीखाली निजला होता, वर, सावलीत. पहार लागली अन् हा झरा फुटला. माह्या पायावर पानी आलं. मी कोनाले हाक मारली नाई. थोडा वेळ तशीच उभी राह्यली."

"का हाक मारली नाही, आई?"

"आपलं पानी होतं ना. आधी मले पाहाचं होतं."

त्यांनी दम घेतला. मी पुन्हा खाली गेले, या वेळी एकटी, आणि श्वास पुरेल तोवर तिथे हात लावून राहिले.