बानूबाईचा पावसातला घाट

बेल्ह्याच्या आठवडे बाजारात, गुरांचा बाजार जिथं संपतो तिथल्या बाभळीखाली जुन्नरची सायराबानू बांगड्यांच्या माळा मांडून बसायची. तिच्या शेजारी, तिच्याच छत्रीच्या सावलीत, अंड्यांची पाटी घेऊन बानूबाई बसे. बानूबाई धनगराची विधवा. तिच्या हातात बांगडी चढणार नव्हती, त्यामुळं बाजारातल्या दुसऱ्या कुणाही बाईला तिला बांगड्यांच्या दुकानाशेजारी बसवणं जरा अवघड वाटलं असतं. सायराबानूला वाटलं नाही. पहिल्याच बाजारी तिनं नाव विचारलं आणि ऐकून खळखळून हसली.

"म्हणजे माझं निम्मं नाव तुझ्यापाशीच की! मी सायराबानू, तू नुसती बानू. सरक अशी, ऊन लागतंय तुला."

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची. तोवर दोघींची ओळख जुनी झाली होती. गिऱ्हाईक नसलं की दोघी बोलत बसत. सायराबानू गल्लीतल्या गमती सांगे, आणि बानूबाई सांगे ती वाटांबद्दल. तिचं निम्मं आयुष्य चालण्यात गेलं होतं. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्यांचे खुराडे आणि सगळं बिऱ्हाड, जुन्नरवरून नाणेघाटाकडं निघायचा आणि घाट उतरून कोकणात जायचा. पावसाळ्याच्या तोंडावर परत वर यायचा. मेंढराला कोकणचा पाऊस सोसत नाही.

एक गोष्ट मात्र ती फारशी बोलत नसे. अशाच एका फेरीत, घाटाखाली वैशाखऱ्याच्या माळावर, तिचा नवरा राघू हिवतापानं गेला. दोन दिवसांत गेला. माळावरचं गवत संपलेलं होतं, मेंढरं ओरडत होती. राख निवते न निवते तोच थोरले दीर सोमाजी जवळ येऊन म्हणाले, "बाई, ऊठ आता. मुकी जनावरं उपाशी हायती." त्यांचं काही चुकलं नव्हतं. बानूबाईलाही ते कळत होतं. तिनं डोक्यावर पाटी घेतली आणि ती चालू लागली. तिची जाऊ चिमाबाई पुढं होती, तिनं मागं वळून एकदा पाहिलं आणि तीही चालत राहिली.

पुढं मेंढरांत रोग आला आणि वाडगं रिकामं झालं. सोमाजीनं बेल्ह्याच्या वर खडकाळ रान धरलं आणि घर शेतीला लागलं. चिमाबाईची जीभ तिखट. "पाय हलत्यात तेवढे हात हलवले असते तर खुरपणी कवाच झाली असती," असं ती येता-जाता म्हणे. बानूबाई ऐकून घेई. जाऊला आपलं ओझं वाटतं, अशी तिनं खूणगाठ बांधली होती.

त्या साली श्रावण सरता सरता बाजार पावसानं लवकर मोडला. छत्रीखाली अंग चोरून बसलेली सायराबानू म्हणाली, "बानू, साऱ्या तालुक्याचे हात मी बघितले गं. पण डोंगरावरनं पाणी पडतं म्हणतात, ते माझ्या घरापासनं अर्ध्या दिवसावर, आणि मी कधी बघितलं नाही. आमच्या गल्लीत एकीनंही नाही."

"जायचं मग."

"कुणाबरोबर? शौकत धान्य-मिठाची लॉरी घेऊन घाटघरकडं जातो. तो नेईल, संध्याकाळी आणील. पण उतरल्यावर जायचं कुठं? तू त्या वाटेनं जन्म काढलास. तू ने आम्हाला."

शौकत म्हणजे सायराबानूचा धाकटा भाऊ. बानूबाई बोलून गेली, "न्हेते की. त्यात काय!"

घरी चालत येताना आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. घाट तिनं पाहिला होता तो कार्तिकात आणि वैशाखात. पावसाळ्यात त्यांचा वाडा नेहमी देशावर असे. ते धबधबे म्हणजे तिच्या लेखी वाळल्या कड्यावरचे काळे ओघळ होते. पाणी तिनंही पाहिलं नव्हतं! पण शब्द गेला होता. आणि खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी तिला स्वतःलाच एकदा त्या घाटाच्या तोंडाशी जायचं होतं. राघू गेल्यावर पुढची दोन वर्षं ती तिथून गेली, पण डोक्यावर पाटी आणि पुढं मेंढरं. थांबणं झालं नव्हतं.

घरात विचारायचं तिला जड गेलं. मुगाच्या शेंगा तोडणीला आल्या होत्या. सोमाजीनं बायकोकडं पाहिलं. चिमाबाईनं थापत असलेली भाकरी तव्यावर टाकली आणि मान वर न करता म्हणाली, "जाऊं दे तिला. घोंगडी न्हे म्हनावं, वर गार असतंय."

एवढंच. बानूबाईला त्यातलं काही उमगलं नाही.

भाद्रपदात पावसानं उघडीप दिली. बाजार उठल्यावर ती सायराबानूबरोबर एसटीनं जुन्नरला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी निघाल्या. सायराबानूची म्हातारी मावशी नसीम आणि शौकतची नवी नवरी इशरत पुढं केबिनमध्ये बसल्या. मागं मिठाच्या पोत्यांवर दोघी बानू बसल्या. लाल चिखलातून लॉरी डुलत चालली. घाटघरच्या अलीकडं चाकं रुतू लागली तसा शौकत म्हणाला, "इथून पुढं पायीच जा. मी माल उतरवून इथंच थांबतो. उजेड असतानाच परत या, या चिखलात अंधाराची गाडी हाकायला नको."

बानूबाई पुढं झाली. ऐटीत चालली खरी, पण थोड्याच वेळात तिची पावलं मंदावली. जिथं करडा, उघडा माळ होता तिथं भाताची खाचरं भरलेली. जिथं घोडी बांधायची तो दगड सापडेना. चहूकडं हिरवं आणि वर धुकं. ओळखीची एक खूण म्हणून नव्हती. आणि जो ओढा ती मेंढरांमागं कोरड्या पायानं ओलांडायची, तो समोर फेसाळत, दगड घोळवत वाहत होता.

"बानूबेटी, रस्ता हाच ना?" नसीमनं विचारलं.

बानूबाई थबकली. खोटं बोलावं तर या बायांचे जीव तिच्या हाती. ती मागं वळली. "मावशे, रागवा मला. म्या ही वाट लई येळा चालले, पर पावसात कवाच न्हाई. पानी कुटनं यतंय, कुटं जातंय, मला ठावं न्हाई. पडनारं पानी मीबी बघितलं न्हाई."

 नसीम एका दगडावर बसली आणि तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. "अगं, मग आपण सगळ्याच नव्या! मला वाटत होतं, मी एकटीच म्हातारपणी तोंड वासून बघणार."

सायराबानूलाही हसू फुटलं, इशरतनं ओढणी तोंडावर धरली, आणि बानूबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. रागावलं तर कुणी नव्हतंच, उलट ती त्यांच्यातलीच एक झाली होती.

तेवढ्यात खाचराच्या बांधावर एक इरलं हललं. पानांच्या त्या टोपीखाली एक बाई वाकून खेकडे धरत होती. साळुबाई तिचं नाव. पलीकडच्या कोळीवाडीतली. यांची अवस्था बघून ती बांधावरून खाली आली.

"हितनं उतरू नगा," ती म्हणाली. "वर राईत वढा फुटतोय, तितं पानी घोट्याएवढं. चला, मी येते."

राईत शिरल्यावर पाण्याचा आवाज मागं पडला. हिरडा, जांभूळ, आणि मध्येच नाव न कळणारी जुनी झाडं. खोडांवर शेवाळ इतकं जाड, की इशरतनं तळहात टेकवला आणि तो काढवेना. पानापानांतून थेंब गळत होते. साळुबाईनं एका शेंदरी दगडापुढं थबकून हात जोडले. नसीम अडखळली. "आम्ही आलो तर चालतं ना इथं?"

"झाडाखाली कुनीबी यतंय, मावशे," साळुबाई म्हणाली आणि तिचा हात धरून तिला निसरड्या मुळांवरून पुढं नेलं.

ओढा त्यांनी राईत ओलांडला. पलीकडं झाडी संपली आणि समोरच्या कड्यावरून पाणी कोसळताना दिसलं. एक नव्हे, सात-आठ धारा, पांढऱ्याशुभ्र, धुक्यातून निघून धुक्यात जाणाऱ्या. बानूबाई बघत राहिली. हेच ते काळे ओघळ! इतकी वर्षं ती त्यांच्या खालून गेली होती आणि हे कशाचे डाग म्हणून तिनं कधी विचारही केला नव्हता. नसीम तुषारांत उभी राहून लहान मुलीसारखी तोंड वर करून भिजत होती. "अल्ला, हे सगळं रोज पडत होतं," ती सारखी म्हणत होती, "रोज पडत होतं आणि आम्ही घरात!"

घाटाच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा वारा उभं राहू देईना. कोकणातून वर येणारा तो वारा कड्यावरून पडणारी धार अर्ध्यावरच पकडायचा आणि उलटी वर फेकायचा. पाणी खाली न जाता आभाळात जायचं आणि पावसासारखं यांच्या अंगावर यायचं. इशरत ओरडली, "आपा, उलटा पाऊस!" आणि मग आपल्या आवाजानं आपणच दचकली.

मग ढग फाटला. खाली कोकण दिसलं, हिरवंगार, चांदीच्या रेघांसारख्या ओढ्यांनी भरलेलं. बानूबाईला वैशाखऱ्याचा माळ बरोबर ओळखू आला. ती ओल्या कातळावर बसली.

"काय गं?" सायराबानू शेजारी टेकली.

"तितं खाली माजा मालक हाय." ती म्हणाली. "तितंच ठेवून आले. बसायला मिळालं न्हाई."

 चौघी तिच्या भोवती बसल्या. नसीमनं पदर डोक्यावर ओढून तळहात वर केले. "नाव काय होतं त्याचं?"

नवऱ्याचं नाव बानूबाईनं आयुष्यात उच्चारलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा लाजून तोंडातल्या तोंडात पुटपुटलं होतं. वाऱ्यात तिनं ते मोठ्यानं घेतलं, "राघू." आणि मग रडली. म्हातारी ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत राहिली, तिच्यात मधूनच ते नाव येत होतं. साळुबाईनं सोनकीची मूठभर पिवळी फुलं खुडून पाण्यात सोडली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. घाई कुणालाच नव्हती. बानूबाईचं मन भरलं तेव्हा ती आपली आपण उठली.

परतताना साळुबाईनं त्यांना आपल्या घरी नेलंच. चुलीपाशी अंगं शेकली. वरीचा भात शिजला, खेकड्याचं कालवण झालं. नसीम संकोचून म्हणाली, "आम्ही खेकडा खात नाही गं." "मग ताक घ्या," म्हणत साळुबाईनं भातावर भरभरून ताक ओतलं. सायराबानूनं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि तिच्या चिखलानं रापलेल्या हातात एकेक करून भरल्या. एकही पिचली नाही.

उजेडातच त्या लॉरीपाशी पोचल्या. शौकत जीव टांगणीला लागून उभा होता. चौघींची ध्यानं बघून त्यानं डोक्याला हात लावला, मग तोही हसला.

दुसऱ्या दिवशी बानूबाई घरी आली ती थेट मुगाच्या रानात गेली. तिच्या वाट्याच्या ओळी तोडून झालेल्या होत्या. शेंगांचा ढीग खळ्यावर पडला होता आणि चिमाबाई कंबर धरून बसली होती.

"माज्या वळीबी तुमीच केल्या?"

 शेंगा चाळवत चिमाबाईनं विचारलं, "बसलीस का तितं घटकाभर?"

बानूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या माळावर मागं वळून पाहणारी चिमाबाई तिला आठवली. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. एवढी वर्षं.

"बसले," ती म्हणाली.

"बरं झालं." चिमाबाईनं डोळे पुसले ते धुळीनं चुरचुरले म्हणून असं तिनं दाखवलं, आणि बानूबाईनंही तसंच मानलं. मग दोघी मिळून शेंगा झोडपायला लागल्या.

पुढच्या साली गल्लीतल्या आणखी दोघी आल्या, त्याच्या पुढच्या साली शाळेतल्या मास्तरीणबाई आपल्या आईला घेऊन आल्या. दर भाद्रपदात चार-पाच जणी, त्याहून जास्त नाही, कारण बानूबाई म्हणे, मागं वळून बघितलं की सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत. आधी साळुबाईच्या घरी जायचं, यंदा पाणी कसं आहे ते विचारायचं, मगच पुढं. "वाटाडी ती. मी आपली तुमची सोबतीन," असं ती नव्या बायांना सांगे. गुडघे धरेपर्यंत तिनं हे केलं.

कुणी तिचे आभार मानले की ती अवघडायची. एकदा बाजारात एका बाईनं, जिची आई त्या वर्षी पाणी बघून गेली होती आणि नंतर देवाघरी गेली होती, बानूबाईचे पाय धरले. बानूबाईनं तिला उठवलं. "मला कशापायी गं? मलाबी कुनी तरी न्हेलंच की," ती म्हणाली, आणि पाटीतली दोन मोठी अंडी निवडून तिच्या पदरात घातली.