ड्यूटी नसलेलं जंगल

अमेरिकेत आमच्या ट्रॉय गावात कुणाचेही आईवडील भारतातून आले की त्यांना नायगारा दाखवतात. मीही बाबांना नेलं. पाच मिनिटं बघून ते म्हणाले, "झालं ना माय? चाल." लेकीला ते मायच म्हणतात. परतीच्या ड्राइव्हमध्ये मी जरा वैतागूनच विचारलं, मग तुम्हाला बघायचंय तरी काय? ते म्हणाले, "ड्यूटी नसताना जंगल पाहाचं हाय एकदा."

बाबा चंद्रपूरकडे वनमजूर होते. बत्तीस वर्षं साहेबांच्या पुढे चालले. वाटेतले काटे दूर करायचे, उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसून जनावरं मोजायची, वाघाचा पंजा दिसला की त्यावर काच ठेवून ठसा उतरवून घ्यायचा. साहेबांच्या घरचे लोक जीपमधून फिरायला आले की गेट उघडायचे. त्या जीपमध्ये बाबा कधी बसले नाहीत. त्याच नोकरीवर त्यांनी मला नागपूरला इंजिनिअर केलं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. तरी इथे कुणी विचारलं की मी नुसतं "फॉरेस्टमध्ये होते" म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याने ऑफिसर समजलं तर समजू द्यायचे.

नवरा म्हणाला, "मग बाबा, जंगल तर तुमच्या घराशेजारीच आहे की."

"तिथं सारे मले ओळखतात ना जावईबापू. दिसलो का म्हनतीन, काका, जरा इकडे या बरं."

म्हणून आम्ही दक्षिण आफ्रिकेतला एक सफारी लॉज बुक केला. बाबा आणि मी, दोघंच. वर्षभराची सुट्टी मी त्यात घातली.

पहिल्याच सकाळी बाबांनी दोन्ही पलंग आवरून ठेवले, बाहेरचा व्हरांडा झाडून काढला. साफसफाईला आलेल्या बाई दारात उभ्या राहून हसल्या, मग बाबांच्या हातातला झाडू काढून घेतला.

मग पायी फेरी होती. पुढे बंदूकवाला गाइड, मागे टेक्सासचं एक जोडपं, मग आम्ही, एका रांगेत. बंदुकीच्या पुढे कुणीही जायचं नाही, हे गाइडने निघतानाच सांगितलं होतं आणि मी बाबांना मराठीत समजावलं होतं. तरी दहा मिनिटांत बाबा सगळ्यांच्या पुढे. काटेरी फांदी दिसली की वाकवून धरायची आणि आम्हाला जाऊ द्यायचं. गाइडने एकदा हाताने मागे बोलावलं. दुसऱ्यांदा तो थांबलाच. मला म्हणाला, आता परत झालं तर फेरी कॅन्सल, आणि पुढच्या फेऱ्यांना हे लॉजवरच राहतील.

मी बाबांना सांगितलं. ते ओशाळले.

"पाहुन्यायले काटे लागतीन ना."

"पाहुणे तुम्ही आहात, बाबा."

ते येऊन माझ्या मागे उभे राहिले, सगळ्यात शेवटी. मला वाटलं, झालं, आता यांचं मन उडालं.

कोरड्या नदीच्या वाळूत सगळे पुढे निघून गेले. पलीकडे हत्ती होते, गाइडची नजर तिकडे. मागून बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "माय, थांबव त्याले." रांगेच्या जरा बाजूला वाळूवर सिंहाचा पंजा उमटला होता. सिंह बाबांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी उकिडवे बसून म्हणाले, "मादी हाय. आजूबाजूच्या वाळूले दव लागलं, याच्यात नाही. म्हंजे उजाडल्यावर गेली." मग बोट झुडपाकडे वळवलं. तिथे लहान लहान ठसे होते. "पिल्लं हायेत संग."

गाइड परत आला, वाकला, त्या झुडपाकडे बघत राहिला. मग त्याने आम्हाला आल्या वाटेने मागे वळवलं. पिल्लं जवळ असताना तो पुढे नेणार नव्हता.

गाडीशी पोचल्यावर त्याने विचारलं, तुझे वडील काय करायचे? टेक्सासवाले ऐकत होते. मी म्हटलं, जंगलात मजूर होते, बत्तीस वर्षं. हे वाक्य मी अमेरिकेत एकदाही असं सरळ उच्चारलं नव्हतं. गाइडने बाबांशी दोन्ही हातांनी हात मिळवला.

दुपारी जीप निघाली तेव्हा त्याने आपल्या शेजारची सीट थोपटली. यांना इथे बसव, म्हणाला, दोघं मिळून माग काढू. माझी तर छाती फुगली. मी बाबांना सांगितलं.

बाबांनी त्या सीटकडे पाहिलं, गाइडकडे पाहिलं, हात जोडले.

"त्याले म्हनाव, लई चांगलं वाटलं. पन मी सुट्टीवर हाय."

जीपच्या मागच्या रांगा एकीपेक्षा एक उंच होत जातात. बाबा सगळ्यात मागच्या, सगळ्यात उंच सीटवर जाऊन बसले. पाय पसरले, टोपी नीट केली. सिंहीण दिसली तेव्हा आम्ही सगळे फोन काढून धडपडत होतो. बाबा तेवढे मागे रेलून बघत होते.